कोकणातला पाळीव कुत्रा: शिक्षण आणि रोजची निगा

कोकणातल्या पुष्कळ घरांत कुत्रा पाळणे म्हणजे त्याला दोन वेळ भात घालणे, रात्री राखणीला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सोडणे आणि आजारी पडला तर चार दिवस वाट पाहणे, एवढेच असते. किनारपट्टीवर एवढ्याने भागत नाही. जून ते सप्टेंबरचा मुसळधार पाऊस, वर्षभराचा दमटपणा, जांभ्याच्या भिंतीत दडणारी गोचीड, कातळाच्या सड्यावरचे विषारी फुरसे, रानालगतच्या वाड्यांमधून फिरणारा बिबट्या आणि बहुधा तालुक्याच्या गावीच भेटणारा पशुवैद्य, या सगळ्यांमुळे इथे कुत्र्याचे शिक्षण आणि त्याचे आरोग्य वेगळे काढता येत नाही. जो कुत्रा कान उघडून पाहू देतो, ओठ वर करू देतो, हाक मारताच मागे फिरतो आणि तोंडात धरलेली वस्तू सोडतो, त्याचा आजार लवकर कळतो आणि त्याच्यावरचे पुष्कळसे अपघात टळतात. हात मिळवणे, गोल फिरणे या करामती नंतर कधीही शिकवता येतील. शिक्षणाची सुरुवात अंगाला हात लावू देण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

पिल्लू घरी आणताना

आपल्या हवेला गावठी कुत्रा सर्वांत चांगला मानवतो. त्याची कातडी आखूड केसांची असल्याने पावसात लवकर वाळते, त्याचे नाक लांब असल्याने उकाड्यात त्याला धापा टाकून अंग थंड ठेवता येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या याच हवामानात वाढल्याने तो काटक असतो. हस्की किंवा सेंट बर्नार्डसारखे दाट लोकरीचे कुत्रे, तसेच पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे किनाऱ्यावर आणणे म्हणजे त्यांना आयुष्यभराचा त्रास देणे होय. कुत्रा जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. हवेतच पाण्याचा अंश जास्त असला की ही वाफ नीट होत नाही, आणि त्यामुळे तापमापकावर आकडा फारसा मोठा दिसत नसतानाही कोकणातल्या मे महिन्यात कुत्रा उष्माघाताने पडू शकतो.

पिल्लू किमान ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळून काढू नये. चावा किती जोराचा झाला की भावंड ओरडते आणि खेळ थांबतो, हे ते याच काळात शिकते, आणि तो धडा माणसाला नंतर तितका सहज देता येत नाही. मुंबईहून सुट्टीला आलेल्या मुलांच्या हौसेखातर मे महिन्यात पिल्लू घ्यायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ते शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून जायचे, हा प्रकार अनेक गावांत घडतो. पुढची दहा-बारा वर्षे त्या जिवाला रोज कोण खायला घालणार, दवाखान्यात कोण नेणार, हे नावानिशी ठरल्याशिवाय पिल्लू आणूच नये.

लसीकरणाचा क्रम पशुवैद्य ठरवतील, तरी त्याची रूपरेषा मालकाला माहीत असली पाहिजे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृतशोथ या विषाणूजन्य रोगांवरच्या एकत्रित लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा देतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करू शकते आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात निराळे असते, म्हणून एका मात्रेवर थांबून चालत नाही. रेबीजची लस १२ आठवड्यांच्या सुमारास आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, साधारणपणे दरवर्षी द्यावी. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस आपल्याकडे ऐच्छिक मानू नये. तिच्या पहिल्या दोन मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात आणि नंतर ती दरवर्षी द्यावी लागते. ही वार्षिक मात्रा मे महिन्यात येईल असे वेळापत्रक बसवून घेतले, तर शेतात पाणी साचण्याच्या आधी संरक्षण ताजे होते. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी, प्रत्येक वेळी वजन करून द्यावे.

येथे एक अडचण उभी राहते. पिल्लाला जगाची ओळख करून देण्याचा काळ तीन ते चौदा आठवड्यांचा असतो आणि लसीकरण तर त्यानंतर पुरे होते. लसीची वाट पाहत पिल्लाला चार महिने घरात कोंडले, तर ते पुढे अनोळखी माणसाला, छत्रीला, मोटरसायकलला घाबरणारे आणि भीतीपोटी चावणारे होते. यावर उपाय असा की त्याला कडेवर घेऊन फिरवावे. एस. टी. स्थानक, मच्छी बाजाराचा कडेचा रस्ता, शाळा सुटतानाची गर्दी, रेनकोट घातलेली माणसे, गुरे, कोंबड्या हे सगळे त्याला कडेवरून दाखवावे आणि प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर खाऊचा एक तुकडा द्यावा. भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर मात्र लसीच्या सर्व मात्रा होईपर्यंत त्याला उतरवू नये.

अंगाला हात लावू देणे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सावकाश करावा. पिल्लाचे पोट अर्धवट भरलेले असताना, शांत वेळी, पडवीत त्याच्या बाजूला बसावे. समोरून वाकून उभे राहू नये, कारण कुत्र्याला ते धमकावल्यासारखे वाटते. उकडलेल्या कलेजीचे किंवा कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे जवळ ठेवावेत. पहिल्या दिवशी फक्त खांद्याला हात लावावा, लगेच तुकडा द्यावा आणि हात काढून घ्यावा. आधी स्पर्श आणि मग खाऊ, हा क्रम कधीही उलटू नये, कारण खाऊ आधी दाखवला तर कुत्रा खाऊलाच संशयाने पाहू लागतो.

खांद्यानंतर पाठ, मग कानाच्या मुळाशी, मग कानाची पाळी उलटून आत पाहणे, मग पंजा उचलणे, बोटांमधली जागा उघडणे, शेपटी वर करणे, शेवटी ओठ वर करून हिरड्या पाहणे, असे एकेका पायरीने पुढे जावे. एका बैठकीला पाच मिनिटे पुरेत. दिवसातून दोनदा बसावे. कुत्र्याने अंग ताठ केले, जीभ भराभर नाकावर फिरवली, जांभई दिली किंवा तोंड फिरवले, तर तो अस्वस्थ आहे असे समजून एक पायरी मागे यावे. त्याच्या गुरगुरण्याला कधीही मारू नये. गुरगुरणे हा इशारा असतो, आणि मार खाऊन इशारा द्यायचे बंद केलेला कुत्रा पुढे थेट चावतो.

याच पद्धतीने मुसके घालण्याची सवय लहानपणीच लावावी. मुसके जाळीचे आणि तोंड उघडून धापा टाकता येतील एवढे मोठे असावे. आत खाऊ ठेवून कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्यावे, बंद लावण्याची घाई करू नये. जखमी कुत्रा वेदनेमुळे घरच्या माणसालाही चावतो. अशा वेळी मुसक्याची सवय असलेल्या कुत्र्यावर पाच मिनिटांत उपचार सुरू होतात.

ही तयारी झाली की रोजची तपासणी सोपी होते. संध्याकाळी फिरून आल्यावर कानाच्या आत आणि मागे, मानेवर पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या फटींत आणि शेपटीखाली बोटे फिरवावीत. हिरड्या गुलाबी आणि ओलसर असाव्यात. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. कुत्रा निरोगी असतानाच्या हिरड्या आपल्या डोळ्यांत बसल्या, म्हणजे त्या फिकट किंवा पिवळट झालेल्या लगेच ओळखू येतात.

गोचीड

कोकणातल्या कुत्र्याचा सर्वांत मोठा शत्रू बिबट्या नसून गोचीड आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया या रोगांचे जंतू रक्तात सोडते. सुरुवातीला ताप येतो, कुत्रा भात हुंगून सोडतो, मलूल पडून राहतो. पुढे हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके येतात, नाकातून रक्त येऊ शकते, आणि बबेसियात लघवी गडद चहासारखी होऊ शकते. एर्लिकियाचा कुत्रा कधी चार दिवसांनी आपोआप बरा झाल्यासारखा दिसतो, पण जंतू शरीरात तसेच राहतात आणि काही महिन्यांनी रोग अधिक बिकट रूपात परततो. ‘एक दिवस जेवला नाही, उद्या जेवेल’ असे म्हणून थांबणे म्हणूनच धोक्याचे आहे. गोचीड सापडलेला कुत्रा जेवणाला तोंड लावत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. हे दोन्ही रोग वेळेवर कळले तर उपचाराला दाद देतात, मात्र दोघांची औषधे वेगळी आहेत, त्यामुळे शेजारच्या कुत्र्याला दिलेली गोळी आपल्या कुत्र्याला आणून चालत नाही.

गोचीड काढताना बारीक चिमट्याने तिला कातडीला अगदी टेकून पकडावे आणि न पिळता सरळ वर ओढावे. तिच्यावर रॉकेल ओतणे, उदबत्तीचा चटका देणे किंवा तिला बोटांनी चिरडणे हे सगळे प्रकार टाळावेत. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावी.

कुत्र्यावरची गोचीड वेचून काम संपत नाही, कारण ती घरातच वाढते. रक्त पिऊन टच्च फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते, भिंतीवर चढते आणि एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. बाहेर पडलेली पिल्ले काही खायला न मिळता महिनोन्‌महिने तग धरतात. जांभ्याचा चिरा मुळात सच्छिद्र, त्यात गिलावा न केलेली भिंत आणि पडवीत लाकडांचा ढीग असला, तर तिला याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. म्हणून कुत्रा झोपतो त्या जागेच्या सभोवतालच्या चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरावे, निदान कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा करावा, त्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवावे, आणि जळाऊ लाकडे, जुनी गोणपाटे, करवंट्या यांचे ढीग तिथून हलवावेत. करवंट्यांत पाणी साचून डासही होतात, आणि कुत्र्याच्या हृदयात वाढणारा जंत डासांमधूनच पसरतो.

औषधांत मानेवर लावायचे थेंब आणि एक ते तीन महिने परिणाम टिकणारी खायची गोळी असे दोन चांगले पर्याय आहेत. दोन्ही वजनानुसार घ्यावे लागतात आणि वर्षभर चालू ठेवावे लागतात. गोठ्यातल्या गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगाला चोळणे अत्यंत घातक आहे. कुत्रा अंग चाटतो आणि ते औषध थेट पोटात जाते. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्याचे औषध वापरण्याआधी पशुवैद्यांना विचारावेच, कारण मांजराला ते विषासमान असते.

पावसाळ्यात घराबाहेर जाण्याची सवय

आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन तासांनी, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर ठरलेल्या जागी न्यावे. तिथे शांत उभे राहावे, त्याने काम उरकले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी आणि खाऊ द्यावा. एक-दोन सेकंदांपेक्षा उशीर झाला तर पिल्लू त्या खाऊचा संबंध भलत्याच गोष्टीशी जोडते. घरात घाण केली म्हणून तिथे नाक घासणे निरर्थक आहे. त्याने पिल्लू आपल्याला पाहून लपायला शिकते, एवढाच परिणाम होतो.

जुलैतल्या धो धो पावसात पिल्लू अंगणात जायला तयार होत नाही, आणि बरीच घरे इथेच हार मानतात. यासाठी जागाच निराळी निवडावी. पडवीच्या टोकाला, पागोळ्या अंगावर येणार नाहीत अशा ठिकाणी, एका उथळ घमेल्यात परसातली माती भरून ठेवावी आणि पहिल्यापासून तिथेच नेण्याचा शिरस्ता ठेवावा. पाऊस ओसरला की घमेले रोज हातभर पुढे सरकवत परसात न्यावे. फरशी फिनेलने पुसली असेल तर पुन्हा साध्या पाण्याने पुसावी, कारण पिल्लू पाय चाटते.

‘ये’ आणि ‘सोड’

आज्ञा कोणत्याही भाषेत द्याव्यात, पण घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. आजी ‘हंय ये’ म्हणते, मुले ‘कम’ म्हणतात आणि वडील शिट्टी वाजवतात, अशा घरातला कुत्रा गोंधळला तर दोष त्याचा नसतो.

‘ये’ शिकवताना सुरुवात माजघरात, पाच पावलांच्या अंतरावरून करावी. नाव घ्यावे, त्याने पाहिले की ‘ये’ म्हणावे, आल्यावर भरपूर खाऊ द्यावा आणि पुन्हा मोकळे सोडावे. घरात हे बिनचूक जमले की खळ्यात यावे, त्यानंतर दहा मीटर लांब दोरी पट्ट्याला बांधून आगरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, किंवा किनाऱ्यावरच्या मोकळ्या पुळणीवर सराव करावा. अंतर वाढवताना आसपासची गडबड कमी ठेवावी आणि गडबड वाढवताना अंतर कमी करावे, म्हणजे कुत्र्यापुढे एका वेळी एकच अडचण येते. ‘ये’ म्हणून बोलावून त्याला कधीही मारू नये, आंघोळीला नेऊ नये की बांधून टाकू नये. या कामांसाठी आपण स्वतः त्याच्याजवळ चालत जावे. किनाऱ्यावर लाटा आणि वारा यांत माणसाची हाक विरून जाते, म्हणून हाकेबरोबर शिट्टीचीही सवय लावलेली बरी.

‘सोड’ शिकवायला मुठीत खाऊ धरावा. कुत्रा हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, तरी मूठ उघडू नये. त्याने क्षणभर तोंड मागे घेतले की ‘सोड’ म्हणावे आणि दुसऱ्या हातातला अधिक चांगला तुकडा द्यावा. पुढे हीच युक्ती जमिनीवरच्या वस्तूंवर आणि शेवटी तोंडात धरलेल्या वस्तूवर करावी, प्रत्येक वेळी बदल्यात काहीतरी देऊन. तोंडात बोटे घालून वस्तू हिसकावली तर कुत्रा ती घाईने गिळायला शिकतो.

या दोन शब्दांची किंमत पुळणीवर कळते. रापणीनंतर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरल्यावर, वाळूत टाकून दिलेल्या मासळीत अंग फुगवणारा केंड मासा असू शकतो. त्याच्या शरीरातले विष शिजवूनही नष्ट होत नाही, ते स्नायू आणि श्वास बंद पाडते आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. जेटीजवळ गळाला अडकलेले आमिष पडलेले असते. गळ गिळला गेला आणि दोरा तोंडाबाहेर लोंबत असला तर दोरा ओढू नये, तसेच दवाखाना गाठावा. समुद्राचे पाणी प्यायल्याने उलट्या-जुलाब होतात, म्हणून फिरायला जाताना गोडे पाणी बरोबर न्यावे आणि परतल्यावर अंगावरचे खारे पाणी आणि वाळू धुऊन टाकावी.

नोव्हेंबर ते मे या काळात वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. वाळूतली अंडी कुत्रे सहज उकरतात आणि समुद्राकडे निघालेली पिल्ले पकडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे. आपला कुत्रा कितीही आज्ञाधारक असो, या महिन्यांत अशा किनाऱ्यावर तो दोरीवरच असला पाहिजे.

रानालगतच्या वाड्यांत संध्याकाळची हाक हीच बिबट्यापासूनची राखण आहे. दिवेलागणीला कुत्र्याला आत बोलावून दार लावावे. खळ्यात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्यासमोर पळूही शकत नाही, म्हणून राखणीसाठी रात्री बाहेर बांधण्याची प्रथा सोडून द्यावी. आतून भुंकणारा कुत्राही राखण करतोच. कठडा नसलेल्या विहिरीवर जाळी बसवावी, हेही याच ओघात सांगतो.

जेवण

नुसता भात आणि माशाचे कालवण हे कुत्र्याचे पूर्ण अन्न नव्हे. कालवणात मीठ, तिखट, कांदा आणि लसूण असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि थोडा थोडा रोज गेला तरी त्याचा परिणाम साठत जातो. घरी शिजवायचे तर भाताच्या किमान निम्मे तरी उकडलेले मासे, अंडी किंवा कोंबडी असावी आणि थोडा भोपळा किंवा गाजर घालावे. बांगडा किंवा तारली उकडून, काटे काढून, हाताने कुस्करून द्यावी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे भाताऐवजी कधी नाचणीची पेज द्यायला हरकत नाही. वाढत्या पिल्लाची कॅल्शियमची गरज मात्र एवढ्याने भागत नाही. घरच्या जेवणावर वाढणाऱ्या पिल्लासाठी पशुवैद्यांकडून योग्य ते पूरक लिहून घ्यावे.

द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात आणि आतडे फाडतात. हंगामात आंब्याचा बाठा गिळल्यामुळे आतडे बंद होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते, म्हणून बाठे झाकणाच्या डब्यात टाकावेत. काजूच्या कवचातल्या तेलाने तोंड आणि जीभ भाजते. खारवलेले सुके मासे खाऊ म्हणून देऊ नयेत. फासळ्या डोळ्यांना उठून दिसू नयेत पण हाताला सहज लागाव्यात, एवढे वजन योग्य समजावे.

ओल, चिखल आणि उन्हाळा

पावसाळ्यात कातडी कोरडी ठेवणे हे निम्मे औषध आहे. बाहेरून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या फटी आणि कानाची पाळी जुन्या सुती कापडाने कोरडी करावी. कानातून आंबट वास आला, आत काळपट मळ दिसला किंवा कुत्रा सारखे डोके झटकू लागला, तर आत तेल घालू नये. ओल्या कानात तेल पडले की बुरशी वाढते आणि पडद्याला इजा असली तर नुकसान होते. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, तीही उघडीप असलेल्या दिवशी सकाळी.

पावसात छोट्याशा जखमेवर माशी बसते आणि एक-दोन दिवसांत किडे पडतात. केसांखाली ते दिसत नाहीत. आधी घाण वास येतो आणि कुत्रा एकच जागा चाटत राहतो. केस कापून जखम उघडी करावी आणि दवाखान्यात न्यावे. जखमेत डांबरगोळीची पूड भरण्याचा गावठी उपाय करू नये, ती पोटात गेली तर विषबाधा होते.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून शेतातल्या आणि गटारांतल्या पाण्यात मिसळतात आणि ओल्या, खरचटलेल्या कातडीतून शिरतात. ताप, उलट्या, पिवळे डोळे, अंगदुखीमुळे चालायला नकार आणि लघवीच्या प्रमाणातला बदल ही लक्षणे आहेत. आजारी कुत्र्याच्या लघवीतून हा रोग माणसालाही होतो, म्हणून साफसफाई हातमोजे घालून करावी, आणि घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची माहिती द्यावी. खोलीत धान्य उघडे न ठेवणे आणि कुत्र्याचे उरलेले अन्न रात्री उचलणे, एवढ्याने उंदीर बरेच कमी होतात.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आधी आणि ऊन उतरल्यावरच फिरायला न्यावे. वाळूवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्या वाळूत कुत्र्याचे पाय भाजतात. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या आणि डळमळती चाल दिसली तर तो उष्माघात समजावा. कुत्र्याला सावलीत आणून अंगभर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, आणि गाडीची सोय होईपर्यंत हे चालू ठेवावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान गुदद्वारात मोजल्यास १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उष्माघातात ते १०५ च्या पुढे जाते, आणि १०३ वर आले की पाणी ओतणे थांबवावे.

गणपती, शिमगा आणि आवाज

शिमग्याची पालखी, ढोल आणि फटाके यांनी घाबरलेला कुत्रा दोरी तोडून रानात पळतो. पालखी दारात येण्याच्या कितीतरी आठवडे आधी ढोलाचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्याच वेळी खाऊ द्यावा आणि आवाज दिवसागणिक थोडा वाढवावा. प्रत्यक्ष दिवशी त्याला आतल्या खोलीत ठेवावे, जवळ बसावे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. गणपतीत चाकरमानी आले की घरात अनोळखी माणसे आणि लहान मुले वाढतात. त्या दिवसांत कुत्र्याला निवांत झोपायची एक जागा राखून ठेवावी आणि मुलांना तो जेवताना व झोपताना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

चावा, साप आणि नसबंदी

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. गावातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली गेली तर कुत्र्यांमधला रोगाचा प्रसार तुटतो, म्हणून आपल्या कुत्र्याबरोबर वाडीतल्या भटक्या कुत्र्यांचीही लस करून घेण्यासाठी ग्रामपंचायतीकडे आग्रह धरावा. कोणताही कुत्रा माणसाला चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, त्यावर हळद, चुना, मिरची काहीही लावू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते.

साप चावला तर कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. जखम कापू नये, आवळून बांधू नये. फुरसे किंवा घोणस चावल्यावर झपाट्याने सूज येते आणि रक्तस्राव होऊ शकतो, तर नाग किंवा मण्यार चावल्यावर पापण्या उतरतात, पाय लुळे पडतात आणि श्वास मंदावतो. माणसांसाठी असलेले प्रतिसर्पविषच कुत्र्यालाही चालते, पण प्रत्येक दवाखान्यात ते नसते. जवळचे कोणते ठिकाण ते ठेवते, रात्री कोण दार उघडते आणि कोणाची रिक्षा मिळेल, हे पावसाळ्याआधी विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. पावसात भेक तोंडात धरल्याने लाळ गळू लागली, तर तोंड बाजूने खाली धरून पाण्याने धुवावे. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नये, त्याने यकृत, पोट आणि मूत्रपिंडे यांना इजा होते.

कुत्री साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. कोकणातल्या गावांत जन्मलेल्या बहुतेक पिल्लांना घर मिळत नाही, पहिल्याच पावसात ती पार्व्होने किंवा रस्त्यावर मरतात. नसबंदीमुळे हे टळते आणि वय झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर, शक्यतो पावसाळा सोडून करावी, म्हणजे टाके कोरडे राहतात. टाके सुकेपर्यंत दहा-बारा दिवस तिला घरात ठेवावे, गळ्यात चाटू न देणारी कॉलर घालावी आणि रोज सकाळी जखम पाहावी. सूज, पाणी किंवा वास जाणवला तर टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे.